पोरीचा गांधार (ग) ट्यूनरवर रोज खाली दाखवतोय, बाई म्हणतात बरोबर आहे. कुणाचं ऐकू?

उद्यमनगरकर:

नमस्कार मंडळी, गाण्यातलं मला स्वतःला काही कळत नाही पण पोरगी शिकतीय म्हणून विचारतोय. सातवीत आहे, दोन वर्षं झाली मंगळवार पेठेत एका बाईंकडं जातीय, पट्टी (म्हणजे तिचा सा पेटीवर जिथं येतो ती) काळी पाच, सध्या भूप राग चाललाय. घरी रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे. माझं लेथचं काम आहे उद्यमनगरात, सगळं आयुष्य मायक्रोमीटर आणि व्हर्नियर हातात धरून गेलं, त्यामुळं मला वाटलं सुराचं पण माप घेता आलं पाहिजे, म्हणून फोनवर ट्यूनरचं अ‍ॅप घेतलं आणि पंधरा दिवस ती सकाळी बसली की शेजारी फोन ठेवून वहीत आकडे लिहून काढले.

सा काट्याच्या मधोमध. प पण जवळजवळ मधोमध, एखाददोन सेंट (काट्यावरचं बारीक माप) उजवीकडं. रे तीन-चार सेंट उजवीकडं. पण ग रोज बारा ते पंधरा सेंट डावीकडं म्हणजे कमी, आणि ध तर पंधरा-सोळा डावीकडं. लहान पोर आहे, आवाज हलतोच, मी फक्त लांब धरलेल्या सुराचं माप घेतलंय. एखाद्या दिवशी चुकलं असतं तर सोडून दिलं असतं, पण रोज त्याच दोन सुरांना, रोज त्याच बाजूला, तेवढंच? आमच्याकडं असं झालं की आम्ही कामगाराला बोलत नाही, मशीनची सेटिंग बघतो.

पण गेल्या आठवड्यात मी तिला बोललो. ग वर उचल म्हणालो, काटा मधे येईपर्यंत. तिनं उचलला, काटा मधे आला, आणि ती म्हणाली पप्पा हा टोचतोय. दुसऱ्या दिवशी क्लासला तसाच लावला तर बाईंनी लगेच थांबवलं, चढा लागतोय म्हणाल्या. मी अ‍ॅप दाखवलं तर म्हणाल्या ते बाजूला ठेवा, तानपुऱ्यात ग ऐकू येतोय तो लावायचा. आता तानपुऱ्याला तर प आणि सा च्याच तारा असतात ना? ग ची तारच नाही तर ग येणार कुठनं? बाईंबद्दल पूर्ण आदर आहे पण यंत्र तरी खोटं कसं बोलेल. कुणी नीट समजावून सांगा, पोरीला उगाच बोललो असेन तर तेही कळू दे मला.

सहातारा, राजारामपुरी:

दादा आधी पोरीला सांगा की तिचं काहीही चुकलेलं नाही. तुमचे आकडे वाचून मी कागद घेऊन हिशोब मांडला. साध्या गुणोत्तरांचे शुद्ध सूर घेतले तर अ‍ॅपच्या काट्यावर रे ३.९ सेंट उजवीकडं, ग १३.७ डावीकडं, प २ उजवीकडं आणि ध १५.६ डावीकडं पडायला पाहिजे. तुमच्या वहीत नेमकं तेच आहे! सातवीतली पोरगी एवढ्या जागेवर गातीय म्हणजे बाईंनी कान लई भारी तयार केलाय.

यंत्र पण खोटं बोलत नाही. त्याची मोजपट्टी वेगळी आहे एवढंच, इंचाची पट्टी लावून मिलिमीटरचा जॉब तपासल्यासारखं. अ‍ॅप कीबोर्डच्या हिशोबानं चालतं. सा पासून वरचा सा म्हणजे कंपनं दुप्पट, त्या दुपटीच्या बारा सारख्या पायऱ्या केल्यात, सारख्या म्हणजे दरवेळी १.०५९४६ नी गुणायचं, बारा वेळा गुणलं की २ येतात. एक पायरी १०० सेंट. ग चौथी पायरी म्हणून ४००, प सातवी म्हणून ७००. इक्वल टेंपरामेंट म्हणतात याला. पण कान असल्या पायऱ्या मोजत बसत नाही, कानाला दोन सुरांतलं साधं गुणोत्तर गोड लागतं, प म्हणजे सा च्या ३/२, म म्हणजे ४/३, ग म्हणजे ५/४. आता काळी पाचचा तिचा सा साधारण २३३ हर्ट्झ धरा. त्याच्या ५/४ म्हणजे २९१.३. अ‍ॅपला पाहिजे २९३.७. फरक सव्वादोन हर्ट्झचा, ऐकायला किरकोळ वाटतो. पण प्रत्येक सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे बारीक सूर वाजत असतात, त्यातला सा चा पाचपट येतो ११६५ वर आणि चढ्या ग चा चौपट येतो ११७५ वर, आणि हे दोन जवळजवळचे सूर एकमेकांवर आपटून सेकंदाला नऊ-एक वेळा थरथर होते. पोरगी "टोचतोय" म्हणाली ते हेच. शुद्ध ग ला दोन्ही ११६५ वरच बसतात आणि थरथर थांबते. पंचमाला (प ला) ही भानगड होत नाही कारण तिथं दोन हिशोबांत फरकच दोन सेंटचा आहे.

मी गिटार वाजवतो, आमच्याकडं तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर शुद्ध गांधाराची जागा वरून १३० मिलिमीटरवर येते, पण चौथा फ्रेट ठोकलेला असतो १३४ वर. चार मिलिमीटर! तुमच्या धंद्यात चार मिलिमीटर म्हणजे जॉब भंगारात. आणि पंचमाला शुद्ध जागा २१६.७, फ्रेट २१६.२ वर, अर्धा मिलिमीटर. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात म्हणून सरकवता येतात, आमचे फ्रेट लाकडात घट्ट रुतलेले. मी मेजर कॉर्डमध्ये ज्या तारेवर ग येतो ती गोड वाटेपर्यंत थोडी उतरवली तर पुढच्याच कॉर्डला तीच तार बेसूर होते, सगळ्या गिटारवाल्यांनी हे भोगलंय.

अजून एक, मोजायचंच असेल तर आधी सा कुठं आहे बघा. तानपुराच पाच सेंट चढा लागला असेल तर शुद्ध ग उणे नऊ दाखवेल. झिरो एरर म्हणता ना तुम्ही, तसंच. काही ट्यूनर अ‍ॅपमध्ये टेंपरामेंट बदलायची सोय असते, तिथं जस्ट (शुद्ध गुणोत्तरांचं) निवडून बघा.

पेटीवाला, गंगावेश:

सहातारांनी बरोबर सांगितलंय. मी भजनी मंडळापासून नाट्यसंगीतापर्यंत चाळीस वर्षं पेटी वाजवतोय, या गांधाराचं दुखणं माझ्या बोटांत आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लोक विचारतात, मग पेटीच शुद्ध का लावून घेत नाही? घेता येते की. गांधार ट्यूनिंग म्हणतात आमच्यात. रीड, म्हणजे पेटीतली सूर देणारी पितळी पट्टी, घासायची असते, टोकाकडं घासली की सूर चढतो, रिव्हेटच्या बाजूला घासली की उतरतो, पितळ अगदी कणाकणानं काढावं लागतं आणि हात चुकला तर रीड वाया. पण खरी अडचण ती नाही, अडचण ही की अशी पेटी एकाच पट्टीची होऊन बसते. समजा पांढरी एकला सा धरून पेटी शुद्ध लावली. रे आला पांढरी दोनवर ९/८, ध आला पांढरी सहावर ५/३. मैफल छान झाली. दुसऱ्या दिवशी गायक आला त्याची पट्टी पांढरी दोन. त्याचा पंचम कुठला? पांढरी सहा. आता ५/३ ला ९/८ नी भागा, ४०/२७ येतात, म्हणजे ६८० सेंट, आणि पंचम पाहिजे ७०२ ला. बावीस सेंट उतरलेला पंचम! गांधार चौदा सेंट चढा असला तर लोक ऐकून घेतात, सवयीनं चालवून पण घेतात, पण एवढा उतरलेला पंचम पाच मिनिटं ऐकवत नाही, गाणाऱ्याचा जीव जातो. स्केल चेंजर पेटी असली तरी उपयोग नाही कारण तिथं पट्ट्या सरकतात, रीडा जिथल्या तिथंच. म्हणून बारा पट्ट्यांना सगळ्यांना थोडं थोडं चुकीचं करून ठेवलंय, कुणालाच फार लागू नये म्हणून. पंचमाला दोन सेंटचं नुकसान आणि गांधार-धैवताच्या (ग-ध च्या) वाट्याला चौदा-सोळा. वाटणीत त्या दोघांवर अन्याय झाला हे खरं आहे.

१९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं राहिली, त्यामागं मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही आणि श्रुती (सुरांच्या मधल्या बारीक जागा) सापडत नाहीत ह्या दोन तक्रारी होत्या. तक्रारी खऱ्या, पण बंदी मला कधी पटली नाही. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवाला ज्या कोल्हापूरच्या मातीत झाला तिथल्या माणसाला ती पटणार कशी. पेटी कशी वाजवायची यावर सगळं आहे. गायिकेनं गांधारावर न्यास केला, सूर लांबवला, की मी त्या वेळी ग ची पट्टी दाबून ठेवत नाही. सा आणि प वर हात ठेवतो, तिच्या गांधाराला मोकळी जागा देतो. चालत्या तानेत ग वाजला तर काही बिघडत नाही, थरथर कळायला तेवढा वेळच मिळत नाही.

दादा तुम्हाला एकच विनंती, घरी रियाजाला पेटी आणणार असाल तर तिनं गांधार पेटीवरून उचलू नये. सा मिळवायला पेटी चालेल. ग आणि ध तानपुऱ्यावरच.

कीबोर्ड_शिकतोय:

सगळं मान्य पण प्रॅक्टिकल बघायला नको का? शाळेच्या गॅदरिंगला किंवा गणपतीत ट्रॅकवर गायची वेळ आली तर ट्रॅकमधला ग ४०० लाच असणार, तिथं तिनं ३८६ लावला तर तीच बेसूर वाटेल लोकांना. आजकाल सगळं कीबोर्डवरच चालतं.

पेटीवाला, गंगावेश:

बरोबर आहे तुमचं, ट्रॅकवर ट्रॅकचाच सूर धरावा लागतो. पण गळ्याला फ्रेट नसतात भाऊ. ज्याला शुद्ध गांधार पक्का माहीत आहे त्याचा गळा ट्रॅक ऐकून आपोआप थोडा वर सरकतो, माझ्या समोर कित्येक पोरं तसं करतात, त्यांना सांगावं पण लागत नाही. उलट मात्र अवघड. लहानपणापासून कीबोर्डवरच कान बसला आणि मग तानपुऱ्यावर गायला बसवलं तर तो गांधार खाली आणायला वर्ष वर्ष जातं. आधी तानपुरा होऊ दे, ट्रॅक पळून जात नाही.

उद्यमनगरकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पोरीला जवळ बसवून हे सगळं वाचून दाखवलं. गिटारचं चार मिलिमीटरचं वाचल्यावर माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. पण दोन गोष्टी अजून अडकल्यात. एक म्हणजे हे ५/४ ठरवलं कुणी? आणि प-सा च्या तारांतनं ग ऐकू येतो ते कसं, ते अजून कुणी सांगितलं नाही. शिवाय टॉलरन्स किती धरायचा तेही सांगा.

जवारी, मिरज:

५/४ कुणी ठरवलेलं नाही, ते तारेत आहे. मी तानपुऱ्याच्या कामातला माणूस आहे, रोज हेच ऐकतो.

तार छेडली की ती अख्खी हलते, आणि त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच, सहा भागांत पण हलत असते. प्रत्येक हलण्याचा आपला एक सूर. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार घ्या. दोन भागांचा सूर म्हणजे मधला सा. तीन भागांचा प. चार भागांचा तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला. आणि पाच भागांचा? खर्जाच्या पाचपट, म्हणजे त्या तार सा च्या ५/४. तोच गांधार. स्वयंभू गांधार म्हणतात त्याला, तो आपल्या आपण उगवतो म्हणून. तुमच्या पोरीच्या ग च्या बरोब्बर दुप्पट येतो तो, म्हणजे एक सप्तक वर.

साध्या घोडीवर (तार जिच्यावर टेकते ती) तो दबून राहतो. म्हणून तानपुऱ्याची घोडी वरून सपाट दिसली तरी तिला अगदी हलका उतार दिलेला असतो, तार तिच्यावरून घासत घासत हलते, आणि तारेखाली दोरा घालून तो केसभर पुढंमागं सरकवला की एका जागी तार एकदम बोलायला लागते. ती जवारी. चांगली जवारी काढलेला तानपुरा चार मिनिटं नुसता ऐकत बसा, ग तुमच्याकडं चालत येतो. फोनच्या स्पीकरवर नाही कळणार नीट.

खात्री करायची असेल तर बाईंच्याकडं खरा तानपुरा असेल, त्यांची परवानगी घेऊन करा. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत खर्जाच्या तारेची लांबी मोजा, तिचा पाचवा भाग काढा. घोडीपासून तेवढ्या अंतरावर तारेला बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि दुसऱ्या हातानं तार छेडून लगेच बोट उचलायचं. बाकी सगळे सूर गप होतात आणि ग एकटा वाजतो. मग पोरीला ग गायला सांगा.

आता तुमच्या पोरीच्या धैवताबद्दल, कारण मला खरं कौतुक त्याचं वाटलं. रे पण तानपुऱ्यात आहे, प च्या तारेचा तीन भागांचा सूर म्हणजे पंचमाचा पंचम, तो रे, ९/८. त्याच तारेचा पाच भागांचा सूर म्हणजे नी, १५/८. पण धैवत असा सरळ कुठल्याच तारेत मिळत नाही. तो गाणाऱ्यानं नात्यानं शोधायचा असतो. गांधाराशी सा-म सारखं नातं जोडलं तर ध येतो ५/३ वर, तुमच्या काट्यावर पंधरा-सोळा डावीकडं. आणि रिषभाशी (रे शी) सा-प सारखं नातं जोडलं तर येतो २७/१६ वर, काट्यावर सहा उजवीकडं. दोघांत साडेएकवीस सेंटचं अंतर. पोरीनं भूपात तो गांधाराला धरून लावलाय. पुढं कधीतरी देशकार राग येईल, सूर तेच पाच, पण तिथला धैवत चढा मानतात आणि तिथं सगळा जीव धैवतावर. म्हणून पेटीवाल्यांना सांगतो, गांधार ट्यूनिंगची पेटी एका पट्टीत पण पुरी पडत नाही, ध कुठल्या रागाचा लावणार?

टॉलरन्स म्हणाल तर गळा चार-पाच सेंट हलणारच, त्याची वही ठेवू नका.

रंकाळा_सकाळ:

मग बावीस श्रुती म्हणजे हेच का? लहानपणापासून ऐकतोय पण बारा पट्ट्या आणि बावीस श्रुती यांचा मेळ कधी लागला नाही.

जवारी, मिरज:

भरतानं नाट्यशास्त्रात सात सुरांची अंतरं चार, तीन आणि दोन श्रुतींची सांगितलीत, बेरीज बावीस. चार श्रुतींची अंतरं तीन, तीन श्रुतींची दोन, दोन श्रुतींची दोन. आता आपण शुद्ध गुणोत्तरांनी बिलावल (सातही सूर शुद्ध) मांडून बघू. सा-रे ९/८, रे-ग १०/९, ग-म १६/१५, म-प ९/८, प-ध १०/९, ध-नी ९/८, नी-सां १६/१५. मोजा, मोठी अंतरं तीन, मधली दोन, लहान दोन. तोच हिशोब! क्रम वेगळा आहे कारण भरताचा षड्जग्राम (त्याची सात सुरांची मांडणी) म्हणजे आजचा बिलावल नव्हे, पण अंतरं तीन प्रकारचीच हे दोन्हीकडं जुळतं. कीबोर्डवर सा-रे आणि रे-ग दोन्ही २००, सारखेच. शुद्ध मध्ये एक २०४ आणि दुसरं १८२. रे-ग हे अंतर सा-रे पेक्षा लहान असतं हे कीबोर्डनं पुसूनच टाकलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि त्या मोठ्या आणि मधल्या अंतरातला फरक, ९/८ भागिले १०/९ म्हणजे ८१/८०, साडेएकवीस सेंट. वर दोन धैवतांत आला तोच, पेटीवाल्यांच्या उतरलेल्या पंचमात आला तोच. भरतानं हाच फरक दाखवायला दोन वीणा सारख्या लावून एकीचा पंचम एक श्रुती उतरवायला सांगितलाय, प्रमाणश्रुती म्हणतात तिला. आपल्या शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, त्यांनी १९१० साली बावीस श्रुती मोजून मांडणारं पुस्तक इंग्रजीत काढलं होतं. म्हणजे मापं घेणारी माणसं या भागात आधीपासून आहेत, उद्यमनगरच्या दादांची वही त्यातलीच.

एवढं मात्र खरं की सगळे राग या गुणोत्तरांत बसत नाहीत. दरबारीचा कोमल गांधार आंदोलित असतो, तो एका जागी थांबतच नाही तर काट्यावर कुठं दाखवणार.

उद्यमनगरकर:

रविवारी बाईंच्या घरी जाऊन आलो. त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी तानपुरा खाली ठेवला आणि म्हणाल्या मोजा. खर्जाची तार ९१ सेंटिमीटर भरली, घोडीपासून १८.२ वर पेन्सिलनं पुसट खूण केली. पहिल्या दोन वेळा मी बोट दाबलं आणि नुसता ठक आवाज आला. तिसऱ्या वेळी पोरीनं स्वतः बोट टेकवलं आणि घंटीसारखा बारीक सूर निघाला, आणि मी काही म्हणायच्या आधी ती ग गायला लागली. दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की कुठला तारेचा आणि कुठला तिचा कळेना. मग मी तिला म्हणालो आता अ‍ॅपचा ग लाव, तिनं लावला, आणि या वेळी ती थरथर मला पण ऐकू आली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तिथंच तिला सॉरी म्हणालो, बाईंच्या समोर.

नंतर धैवताचं विचारलं तर बाईंनी दोन्ही गाऊन दाखवले, आधी भूपाचा, मग देशकारचा. पोरगी म्हणाली दुसरा उजेडात आल्यासारखा वाटतोय. बाई म्हणाल्या देशकारला अजून वेळ आहे, पण ऐकत राहा.

जवारीदादा, आता खरा तानपुरा घ्यायचं ठरलंय. काळी पाचला लेडीज तानपुरा केवढा लागतो, आणि जवारी काढून तयार मिळतो का आम्ही पोरीला घेऊन समोर बसून काढून घेतलेली बरी? दिवाळीच्या आधी मिरजेला यायचं बघतोय.

जवारी, मिरज:

पोरीला घेऊनच या. तिनं समोर बसून गायलं की तिच्या आवाजाला जुळेल अशी जवारी काढता येते, उघडी (मोकळी, झणझणीत) का बंद (आवळलेली) ते तिचा आवाज ऐकूनच ठरवायचं. सकाळच्या वेळी या, बाजारपेठेत गडबड कमी असते.